आंजेलबाय गाडीत बसेना

माझं काम काय, हे सांगायला मला नेहमी दोन वाक्यं जास्त लागायची. आमच्या बिल्डिंगमधल्या बाकीच्या बायका कोणी शिक्षिका, कोणी नर्स, कोणी बँकेत. एका शब्दात मोकळ्या व्हायच्या. मी म्हणायचे, "मी टप शिवते." समोरची बाई हमखास विचारायची, "टॉप का? ड्रेसवरचे?" मग मला तिला खिडकीशी नेऊन खाली उभी असलेली रिक्षा दाखवावी लागायची. ते वरचं काळं-पिवळं छप्पर दिसतंय ना, ते. ते कोणीतरी शिवतं. मिरा रोडला ते मी शिवायचे.

परळची एक खोली सोडून आम्ही शांतीनगरमध्ये आलो, तेव्हा मी ब्लाउज आणि परकर शिवत होते. खालच्या मजल्यावर एक रिक्षावाले राहायचे. एक दिवस ते फाटलेला टप खांद्यावर टाकून वर आले आणि म्हणाले, "भाभी, इसको भी टाका मार दो ना." मी मारला. माझ्या मशीनची सुई तुटली, दुसरी घातली, तीही तुटली. तिसरी टिकली. आठवडाभरात दारात चार रिक्षावाले उभे. आमचे हे ऑफिसातून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "आधी ब्लाउज, आता रिक्षा. पुढे विमान येईल, आत्ताच गच्ची मोकळी करून ठेवतो." विमान काही आलं नाही, पण वर्षभरात सिल्व्हर पार्कच्या बाजूला एक छोटा गाळा भाड्याने घेतला आणि त्यात जाड कामाचं मशीन आणून बसवलं. ह्यांचे टोमणे तेव्हापासून कमी झाले असं नाही, पण गाळ्याची पाटी त्यांनीच रंगवली.

माणसं काय काय मागतील याचा नेम नसायचा. एका रिक्षावाल्याला टपाला आतून लाल मखमल हवी होती, कारण बायको बाळंतीण होऊन त्याच रिक्षातून घरी यायची होती. ती मी दिली, आणि बाळाच्या बारशाचे पेढेही खाल्ले. पूनम सागरचे एक मास्तर मात्र स्कूटरला टप मागायला आले. मागे बसलेल्या बायकोची छत्री त्यांच्या मानेला टोचायची म्हणे. मी पुष्कळ सांगून पाहिलं; ऐकेनात. शेवटी करून दिला. खाडीकडून वारा सुटला आणि मास्तर स्कूटरसकट उलट्या दिशेला जायला लागले. दुसऱ्या दिवशी टप परत आणून दिला आणि मला म्हणाले, "कल्पना चांगली होती." मी म्हटलं, "कोणाची?"

ज्यांना या कामातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टप म्हणजे नुसता कपडा टाकून बांधणं नव्हे. खाली लोखंडी कमानी असतात, छत्रीच्या काड्यांसारख्या. त्यांच्यावर कपडा असा बसला पाहिजे की कुठे झोळ पडणार नाही. झोळ पडला की तिथे पाणी साठतं आणि साठलेलं पाणी वाट शोधतंच. रिक्षाचा टप एकदा चढवला की फाटेपर्यंत उतरत नाही, त्यामुळे तो ढोलासारखा ताणून बसवता येतो. उघड्या मोटारीचा टप वेगळा. तो लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. टिचबटणं लावून कडेला पक्का करायचा. फार ताणला तर बटणं लागत नाहीत, सैल ठेवला तर वाऱ्याने फडफडतो. या दोन्हींच्या मधली जी बोटभर जागा आहे, तिच्यावर माझं पोट चाललं.

उघड्या मोटारी माझ्याकडे पुढे बऱ्याच आल्या. जुन्या, विलायती, दोन सीटच्या, लांब नाकाच्या, जमिनीला टेकल्यासारख्या चालणाऱ्या. मुंबईतली हौशी मंडळी त्या बाळगून असायची. सोयीसाठी कोणी अशी गाडी ठेवत नाही. तिच्यात सामान मावत नाही, पाहुणे मावत नाहीत, उन्हात डोकं तापतं, आणि एखादा भाग मोडला की वर्षभर शोधत बसायचं. तरी ही माणसं तिला सोडत नाहीत. एकजण नव्या सीटवर स्वतःसुद्धा बसायचे नाहीत. जुनी चादर चौपदरी घालून तिच्यावर बसायचे. दुसरे एक डॉक्टर होते. टप शिवून होईपर्यंत रोज फोन करून विचारायचे, "कशी आहे?" पहिल्यांदा मला वाटलं, माझी चौकशी करतायत. मी सांगितलं, "बरी आहे, थोडा खोकला आहे." पलीकडून घाबरून विचारलं, "इंजिनाला?"

पण हे सगळे नंतरचे. सगळ्यात पहिली गाडी आली ती मुंबईहून नाही, भाईंदरपलीकडच्या समुद्रकाठच्या उत्तनहून. आणि ती आली नाहीच. मीच तिच्याकडे गेले.

एका दुपारी गाळ्यात सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ शिरले. काटक, काळेसावळे, गळ्यात बारीक क्रूस, आणि खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेल्या दोन लोखंडी कमानी. भाईंदरपर्यंत बसने आणि तिथून रिक्षाने त्या कमानी त्यांनी आणल्या होत्या.

"टप बनवतंस ना तू?" त्यांनी विचारलं. "आता रिक्षात बसून आलो तो टप तुजाच म्हनं. सगला रस्ता वरती बघत आलो. एक टाका वाकडा न्हाय."

माझ्या कामाची अशी तारीफ कधी कोणी केली नव्हती. मी स्टूल पुढे केलं. "कसला टप हवाय? रिक्षाचा?"

"गाडीचा. दोन सीटची हाय."

त्यांचं नाव पास्कू. मी त्यांना अंकल म्हणायला लागले. रविवारी मी आणि आमचे हे उत्तनला गेलो. मिठागरं मागे पडली, मग झाडी लागली, मग वाऱ्यावर सुक्या बोंबलांचा वास आला. पास्कूअंकलच्या घराच्या बाजूला झावळ्यांची शेड होती आणि तिच्यात जुन्या शिडाच्या कापडाखाली ती उभी होती. त्यांनी कापड ओढलं. जुन्या कुंकवासारखा गडद लाल रंग, मोठे गोल दिवे, बाहेरून दिसणारं सुटं चाक, आणि एवढंसं दार. कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की हौशी मंडळी लगेच इंजिनावर येतात, आणि मला टपावर बोलायचंय.

आमचे हे. घरात पंख्याचं बटणसुद्धा मला विचारून दाबणारा माणूस. अंकल म्हणाले, "बसा की," तर हे चटकन आत जाऊन बसले, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि तोंडाने "घर्रर्र" असा आवाज काढला. मला ऐकू गेला हे लक्षात आल्यावर कान लाल झाले त्यांचे. मला हसू आवरेना. त्या गाडीचा गुण मला तिथेच कळला. तिला पाहिलं की शहाण्या माणसाचंही वय उतरतं.

माप घेता घेता अंकलनी सगळं सांगितलं. तरुणपणी ते मुंबईत एका गोऱ्या साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब मायदेशी परत निघाला, तेव्हा ही गाडी त्याने अंकलनाच विकली. तेव्हापासून तिचं सगळं ते स्वतः करत होते. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. अंकलनी टिकवलं होतं. रोज सकाळी पुसायची, आठवड्याला एकदा चर्चपर्यंत आणि परत.

"एकटेच?" मी विचारलं.

"तेच तर बोलायचा हाय तुला," ते म्हणाले आणि घराकडे बघून आवाज खाली आणला. "बायको बसत न्हाय. गाडी आनली तवापासून न्हाय. पयल्याच दिवशी चर्चला नेली तिला. वाटेत पाऊस आला. साहेबाचा टप फाटलेला. नवा लुगडा भिजला तिचा. तवा बोलली, टप लावशील तवा बसीन. लावला. तरी बोलली, गलतो. परत नवा लावला. बोलली, गलतो. आता आमच्या लग्नाला पन्नास वर्सं होतात. चर्चमध्ये मिसा हाय, मोठी प्रार्थना. त्या दिवशी ती माज्या बाजूला बसली पायजे."

"आणि नाही बसल्या तर?"

"तर गाडी काढली. कुलाब्याच्या एका शेठला जबान दिलीय. तो त्या दिवशी चर्चजवलच येनार हाय. बसली तर हात मिलवायचा नि जायचा. न्हाय बसली तर गाडी त्याची." मग ते सुट्या चाकावरून हात फिरवत म्हणाले, "बाजूची सीट रिकामी बघून बघून कंटाललो मी."

माझ्या हातातली टेप तशीच लोंबत राहिली. चार रिक्षावाल्यांची घाई मी रोज झेलायचे, पण असं ओझं अंगावर कधी आलं नव्हतं. एका टपावर एका माणसाची गाडी जाणार का राहणार, हे ठरणार होतं. ह्यांनी बसमध्ये मला विचारलं, "जमेल ना?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" हे बोलताना माझा आवाज जरा जास्तच मोठा आला.

दुसऱ्यांदा कागदाचा नमुना बसवून बघायला गेले तेव्हा अंकल बाजारात गेले होते. आंजेलबाय, म्हणजे त्यांची बायको, अंगणात बांबूवर बोंबील वाळत घालत होती. ठेंगणी, रुंद हाडाची, कानात सोन्याची जड कर्णफुलं. मी वाकून शेडमधली गाडी मोजतेय हे ती बराच वेळ बघत होती. मग तिने मला हाक मारून चहा दिला. मी म्हटलं, "बाय, या वेळी एक थेंब येणार नाही. माझा शब्द."

"टपाचं काय बोलतंस पोरी," ती म्हणाली. "टप कसा पन असू दे."

मी कप खाली ठेवला.

"माजा बापूस होडीवाला. लग्नात त्यानं मना होडीतला वाटा दिलता. पोरीला कोन होडी देतो? माज्या बापानं दिली. होडी बंदरावर आली की लोक बोलायचे, आंजेलची होडी आली. ह्यानं तो वाटा इकला नि ही आनली. मना इचारला पन न्हाय."

"तुम्ही हे कधी बोललात त्यांना?"

"बोलायचं काय त्याच्यात? त्याला ठावूक न्हाय काय? तो बोलतो, टप गलतो म्हनून ती बसत न्हाय. मग मी पन तेच बोलते. घरात शांती ऱ्हाते." तिने पुन्हा बोंबील उचलले. "ती होडी अजून हाय. चुलतभाव चालवतो. बंदरावर गेली की बघते मी लांबून."

परतताना मला काही सुचत नव्हतं. माझ्या हातात जे काम होतं, त्याने हे दुखणं बरं होणार नव्हतं. गळका टप मी बंद करू शकत होते. विकलेली होडी कुठून शिवून आणणार? अंकलना सांगावं असं शंभरदा वाटलं. पण दोन म्हाताऱ्या माणसांनी इतकी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट मी, कालची आलेली टपवाली, उघडी करणार कोण? मी गप्प बसले. आणि गप्प बसले म्हणून की काय, काम मात्र असं जीव लावून केलं की पुन्हा तसं झालं नाही.

भाईंदरच्या बाजारातून जाड कॅनव्हास आणला. ब्लाउज शिवणारी कोणतीही बाई अस्तर आधी पाण्यातून काढते, नाहीतर पहिल्या धुण्यात ब्लाउज काखेत चढतो. मोटारीचं काम करणाऱ्या पुरुषांना ही अक्कल नसायची. मी तो सगळा कॅनव्हास बिल्डिंगच्या गच्चीवर पिंपात भिजवला आणि दोऱ्या बांधून वाळत घातला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गुजराती होते. ते धापा टाकत वर आले.

"शुभाबेन, ये क्या? तंबू? शादी है क्या किसी की?"

"हां," मी म्हटलं, "पचास साल पुरानी."

त्यांना काही कळलं नाही, पण शादी म्हटल्यावर ते जिना उतरून गेले.

टप बसला तो अगदी हातमोजा बसावा तसा. कुठे सुरकुती नाही, मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची कड सरळ, टिचबटणं एका बोटाने लागणारी. अंकल गाडीभोवती फिरत होते आणि नुसतेच "अरे वा रे वा" म्हणत होते. मग त्यांनी विहिरीचं पाणी बादलीने टपावर ओतायला घेतलं. पहिली बादली, दुसरी बादली. मी आत बसले होते. तिसऱ्या बादलीला डावीकडच्या सीटच्या बरोबर वर, शिवणीतून, एक थेंब लोंबकळला. आणि पडला. त्या सीटवर, जी रिकामी असायची.

याला कारण होतं. कॅनव्हास भिजला की फुगतो आणि पाणी अडवतो, पण शिवणीत सुईने केलेली भोकं राहतात. रिक्षाला रेक्झिन असतं, वरून पट्टी मारली की भागतं. इथे पट्टी मारली असती तर टप दुमडायला जड झाला असता. माझा चेहरा पडलेला बघून अंकल म्हणाले, "एक तर थेंब हाय." मी म्हटलं, "मी शब्द दिलाय." शिवणीवर मेण घासून ते गरम करून जिरवायचं, एवढाच उपाय होता. समारंभ रविवारी होता. रविवारी पहाटेच्या बसने मेण घेऊन येते, तासाभराचं काम आहे, असं सांगून मी घरी आले. अंकलना म्हटलं, "तुम्ही हात लावू नका." हे मी अगदी स्पष्ट म्हटलं होतं, ह्यांच्यासमोर; टप आणायला हेही सोबत आले होते.

रविवारी मी चांगली साडी नेसून, पिशवीत मेणाच्या वड्या आणि स्टोव्ह घेऊन बसमधून उतरले. घराच्या वळणावर पहिली मांजर दिसली. मग दुसरी. मग शेडभोवती गावातली सगळी मांजरं जमलेली, शेपट्या वर करून, आणि अंकल काठीने त्यांना हाकलतायत. आणि वास! उत्तनला माशाच्या वासाचं कोणाला काही वाटत नाही, पण हा त्याच्याही वरचा होता. नाकातून थेट डोक्यात जाणारा.

"अंकल, काय केलंत?"

"तेल लावला," ते अगदी खुशीत म्हणाले. "माशाचा. होडीला चोपडतात तो. रातभर झोप आली न्हाय मना. बोललो, होडीत समिंदर शिरत न्हाय तर गाडीत पाऊस कसा शिरंल? काल हिच्या चुलतभावाकडून डबा आनला. सगल्या टपाला दोन हात मारले. ओत आता पानी!"

मी टपाकडे बघितलं. माझा टप, पाण्यातून काढलेला, खडूच्या रेघेबरहुकूम कापलेला, तेलाने काळपट होऊन चकाकत होता. मी त्या माणसाला काय काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, नवं लुगडं नेसून कोण बाई या डब्यात बसेल? जिला कारणच हवं आहे तिला तुम्ही पिपाभर कारण दिलंत! ते बिचारे काठी हातात घेऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी हळूहळू उतरली. मग ते खाली बघून म्हणाले, "मना वाटला, पानी थांबंल." आणि मला रडूच यायला लागलं, त्यांच्यासाठी आणि थोडं माझ्या टपासाठी.

तेवढ्यात आंजेलबाय बाहेर आली. लाल लुगडं, अंबाड्यात फुलं, गळ्यात सगळे दागिने. मागे शेजारपाजारच्या बायका, त्यांनी पदर नाकाला लावलेले. सगळ्यांना ठाऊक होतं आज काय ठरायचंय. ती पायरी उतरली आणि थांबली. तिने हवेत वास घेतला. मग सरळ चालत गाडीपाशी आली, मांजरांमधून, आणि टपावर पंजा ठेवला. तळवा तेलाने माखला. तो तिने नाकापाशी नेला.

"होडीचा तेल लावलंस?" तिने अंकलना विचारलं.

"हां," ते चाचरत म्हणाले. "पानी न्हाय येयाचं आता."

"कुटून आनलास?"

"तुज्या बापाच्या होडीवरून."

ती हात तसाच नाकाशी धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ती वळून घरात जाईल. मग ती अगदी हळू, जणू कोणी बाजूला नाहीच, असं म्हणाली, "बापूस दर वर्साला लावायचा. मी डबा धरायची. सगल्या आंगाला वास ऱ्हायचा, आय घरात घेत नव्हती आमाला." तिने अंकलकडे बघितलं. "मना इचारायला पायजे होतास तू."

तेलाबद्दल बोलत नव्हती ती. अंकलना ते बरोबर कळलं. त्यांनी काठी खाली ठेवली.

"हां," ते म्हणाले. "इचारायला पायजे होता. चुकलाच माजा."

पन्नास वर्षांच्या संसारात ही दोन वाक्यं राहून गेली होती. ती माशाच्या तेलाच्या वासात, मांजरांच्या घोळक्यात, सगळ्या शेजारणींसमोर बोलून झाली. आंजेलबायने तळवा लुगड्याला पुसला, नव्या लुगड्याला, दार स्वतःच्या हाताने उघडलं आणि आत बसली. बाहेर उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाली, "बघत काय ऱ्हायलात? मिसा चुकंल."

मी चालत चर्चला गेले. रस्ता चुकण्याची सोय नव्हती, वास होताच. प्रार्थना झाली, अंगठ्या झाल्या, फुलं झाली. बाहेर आलो तर कुलाब्याचे शेठ गाडीपाशी उभे होते, रुमाल नाकाला, पण नजर गाडीवरून हलत नव्हती. माणूस वाईट नव्हता हो. पुढे माझ्याकडे दोन गाड्या घेऊन आला आणि त्याच्या गाडीप्रेमात खोट नव्हती.

"तो अंकल," ते म्हणाले, "क्या तय हुआ?"

अंकलनी एवढा मोठा श्वास घेतला. "मना काय इचारता? मालकीनीला इचारा."

शेठनी आंजेलबायकडे बघितलं. तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती डाव्या बाजूने आत जाऊन बसली होती आणि वर टपाकडे बोट दाखवत होती. "ह्ये काड आदी," ती म्हणाली. "आत बसून लोकांना दिसनार कशी मी?"

इतक्या मेहनतीचा टप. पाण्यातून काढलेला, बोटभर जागेत बसवलेला, घरापासून चर्चपर्यंत वापरलेला. अंकलनी आणि मी टिचबटणं पटापटा काढली, आणि तो सगळा गठ्ठा त्यांनी माझ्या हातात दिला, कारण दोन सीटच्या गाडीत तो ठेवायला जागा नव्हती. गाडी सुरू झाली. चर्चमधली माणसं बाजूला झाली. अंकलनी गाडी घराकडे वळवायला घेतली, तेव्हा आंजेलबायने स्टिअरिंगवर हात ठेवला आणि ती म्हणाली ते मला तिथून स्पष्ट ऐकू आलं.

"घरी न्हाय. बंदरावर घे. होडी लागली असंल. तिला दाखवू."

गाडी उताराने समुद्राकडे गेली. तिच्या अंबाड्यातली फुलं लांबपर्यंत दिसत होती. अंकलनी नंतर कितीदा मला म्हटलं, "एक चक्कर मारूया, बस," आणि मी प्रत्येक वेळी म्हटलं, पुढच्या वेळी, आज कामं आहेत. आंजेलबायला उठवून तिच्या जागी बसायचं माझ्या जिवावर यायचं. ते बसायचं राहूनच गेलं, आणि त्याची चुटपुट मला आजही आहे.

त्या दिवशी मी तो टप छातीशी धरून भाईंदरच्या बसमध्ये चढले. रविवारची बस, आत पाय ठेवायला जागा नव्हती. मी दोन पायऱ्या चढले मात्र, सगळे मागे सरकले आणि खिडकीजवळची अख्खी सीट रिकामी झाली. मी ऐसपैस बसले. कंडक्टर लांबूनच म्हणाला, "ताई, काय आहे ते?"

"टप आहे," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात सांगून झालं, आणि मी खिडकीची काच वर केली, बंदराच्या बाजूने त्या गाडीचा भोंगा ऐकू येतोय का ते बघायला.